नांव घातलेलें भांडें

गेल्या महिन्यांत या पानावर आम्हीं सुभाषितांच्या पाठांतराविषयीं चार शब्द लिहिले होते. या महिन्याचा विषय पाहून आमचे कांहीं जुने वाचक कपाळास आठ्या घालतील. आमच्याहि कपाळास त्या प्रथम पडल्याच होत्या. परंतु विषय आपल्या पायांनीं आमच्या ओटीवर चालून आला; आणि दारीं आलेल्या पाहुण्यास ‘कोण, कोठला’ एवढेंहि न विचारतां परत लावणें हा गृहस्थधर्म नव्हे, म्हणून त्याची विचारपूस करण्याचें योजिलें आहे.

हकीकत अशी. आम्ही राहतों तें मोहर्ली गांव चंद्रपुराच्या उत्तरेस, ताडोबाच्या अरण्याच्या तोंडाशीं आहे. एका अंगास इरई धरणाचें पाणी, दुसऱ्या अंगास सागाचें व बांबूचें रान. पहांटे वाघ पाहण्यास निघालेल्या मंडळींच्या उघड्या गाड्या फाटकांतून रांगेनें आंत जातात. त्यांची धूळ खालीं बसली कीं गांव आपल्या कामास लागतें. घरीं धाकट्या भावाचें किराणा मालाचें दुकान आहे, आणि दुकानामागें चौदा माणसांचें एकत्र कुटुंब.

नाताळच्या सुटींत आमच्या पुतण्याची मुलगी पुण्याहून आली. ती शिकते यंत्रशास्त्र; परंतु संध्याकाळीं एका वर्गांत ‘साल्सा’ नांवाचें नृत्य शिकावयास जाते. रात्रीं जेवणें आटोपल्यावर तिनें आपल्या मोबाइलवर तसलें एक गाणें लावलें. ढोलांची दाटी, त्यांवर तुताऱ्यांचा कल्लोळ, आणि त्या सर्वांच्या वर एका बाईचा खणखणीत आवाज. आमच्या वडील भगिनी, म्हणजे साऱ्या घराच्या आक्का, जपमाळ ओढतां ओढतां थांबल्या आणि म्हणाल्या, “अगं, ही कोणाची वरात चालली आहे?” सगळे हंसले. मुलीचा चेहरा मात्र उतरला.

गोष्ट तेथेंच संपली असती. परंतु आमचा धाकटा नातू, जो गेलीं तीन वर्षें तबला शिकत आहे, तो ताईच्या बाजूस गेला आणि ‘मला तबला नको, बोंगो आणून द्या’ असा हट्ट धरून बसला. त्याची आई रडकुंडीस आली, वडील संतापले. शेवटीं पुतण्या म्हणाला, “नाना, तुम्हीच काय तें सांगा. हें घरांत चालूं द्यायचें कीं नाहीं?” अडतीस वर्षें मास्तरकी केलेल्या माणसास एवढें कळतें कीं, न वाचलेल्या पुस्तकाची परीक्षा घेऊं नये. आम्हीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली, आणि मुलीसच गुरु करून तिच्यासमोर बसलों.

‘साल्सा’ हा स्पॅनिश भाषेंतला शब्द. अर्थ विचारला तर म्हणाली, “कालवण!” नांव अगदीं यथार्थ आहे. क्यूबा बेटावर एकीकडे स्पेनहून गेलेल्या लोकांचीं तंतुवाद्यें व गाण्याची रीत, दुसरीकडे आफ्रिकेंतून गुलाम करून नेलेल्या माणसांचे ढोल, अशा दोन गोष्टी एकत्र आल्या आणि त्यांतून ‘सोन’, ‘रुंबा’, ‘माम्बो’ हे प्रकार निघाले. पुढें क्यूबा आणि पोर्तो रिको येथून न्यूयॉर्क शहरांत येऊन राहिलेल्या लोकांच्या वस्त्यांत त्या सर्वांचें नवें कालवण झालें. १९६४ सालीं जॉनी पाचेको नांवाच्या वादकानें जेरी मासुची नांवाच्या वकिलाबरोबर ‘फानिया’ ही ध्वनिमुद्रिकांची कंपनी काढली, आणि पुढच्या दशकांत ‘साल्सा’ हें नांव रूढ झालें. त्या रात्रीं आमच्या ओटीवर गाणारी बाई म्हणजे सेलिया क्रूझ. १९२५ सालीं हवाना शहरीं जन्मलेली, आणि २००३ सालीं वारली तेव्हां अर्ध्या जगास ठाऊक झालेली. तसाच टीटो प्वेंते. हा न्यूयॉर्कचा, जन्म १९२३ सालचा. हा आपले ढोल सर्वांच्या पुढें मांडून उभ्यानें वाजवी आणि साऱ्या वाद्यवृंदास हांकीत नेई.

या संगीताचा पाया ‘क्लावे’ नांवाच्या दोन लांकडी दांडक्यांवर असतो. आपण चिपळ्या वाजवितों तशीं तीं एकमेकांवर आपटतात. त्याचा एक प्रसिद्ध प्रकार वाचकांनीं घरीं करून पाहावा. सोळा मात्रा मनांत मोजाव्या, आणि १, ४, ७, ११ व १३ या मात्रांवर टाळी द्यावी, कीं झाला तो ताल. आपल्या त्रितालाच्या मात्राहि सोळाच. टाळी १, ५ आणि १३ वर, व ९ वर काल. म्हणजे पहिल्या आणि तेराव्या मात्रेवर हे दोन्ही ताल एकमेकांस भेटतात आणि मध्यें आपापल्या वाटेनें जातात. नातवानें तबल्यावर त्रिताल धरला, नातीनें टाळ्यांनीं क्लावे धरला, आणि आम्हीं बोटांवर मात्रा मोजून पाहिल्या. हिशेब बरोबर होता. आक्कांचा पाय नकळत हलत होता. पण तें आम्ही पाहिलें नाहीं असें आम्हीं दाखविलें.

आणि तेव्हांच आमच्या ध्यानांत आलें कीं, हा नाद आम्हीं पूर्वीं ऐकला आहे. लहानपणीं शेजाऱ्यांच्या रेडिओवर एक गाणें लागे. त्याचे ढोल सुरू झाले कीं आम्ही मुलें पाटी टाकून धांवत असूं. ‘अलबेला’ बोलपटांतलें ‘शोला जो भडके’ तें हेंच. त्यांतील पुरुषाचा आवाज ज्यांचा, चाल ज्यांची आणि वाद्यवृंद ज्यांच्या इशाऱ्यावर चाले, ते गृहस्थ परदेशचे नव्हते. गोदाकाठच्या पुणतांब्याच्या देशस्थ घरांतले होते. त्यांचें नांव रामचंद्र नरहर चितळकर. जग त्यांस सी. रामचंद्र या नांवानें ओळखतें.

त्यांना साल्सा-गायक म्हणणें हा कालविपर्यास होईल. कारण त्यांनीं हे ढोल मुंबईंत वाजविले तेव्हां तो शब्द रूढ व्हावयाचा होता. साल्साच्या आजे-पणज्यांशीं, म्हणजे रुंब्यासारख्या प्रकारांशीं, त्यांचा परिचय होता असें म्हणावें. परंतु स्वतः गाणारा आणि स्वतःच वाद्यवृंद हांकणारा असा त्या जातीचा माणूस आमच्याकडे कोणी होऊन गेला असेल, तर तो हाच.

त्यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ चा. पुणतांबें तेव्हां अहमदनगर जिल्ह्यांत, आतां त्याच जिल्ह्यास अहिल्यानगर म्हणतात. आम्हां वैदर्भीयांस विशेष अभिमानाची गोष्ट ही कीं, त्यांच्या शिक्षणाचा एक भाग नागपुरास झाला. तेथें शंकरराव सप्रे यांच्या श्रीराम संगीत विद्यालयांत ते शिकले. वसंतराव देशपांडे हे त्याच गुरूचे शिष्य. पुढें गांधर्व महाविद्यालयांत विनायकबुवा पटवर्धनांकडे त्यांचें शिक्षण झालें. विनायकबुवा म्हणजे पलुस्करांच्या परंपरेंतले कडक शिस्तीचे गुरु. पुढें ज्यानें मुंबईभर तुताऱ्या घुमविल्या, त्याचा ‘सा’ असा दोन घरीं घांसून पक्का झालेला होता, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. कारण निर्णयाच्या वेळीं आम्हांस त्याची गरज पडणार आहे.

बोलपटांत ते प्रथम नट म्हणून आले. १९३५ सालच्या ‘नागानंद’ मध्यें त्यांना नायकाचें काम मिळालें. त्यानंतर सोहराब मोदींच्या मिनर्व्हा कंपनींत लहान लहान भूमिका, आणि संगीत देणाऱ्यांच्या शेजारीं बसून पेटी वाजविणें. नायकाच्या जागेवरून पेटीवाल्याच्या जागेवर यावें लागलें म्हणून पुष्कळांचें मन खचलें असतें. यांनीं मात्र त्या पेटीच्या जागेवरून धंद्याच्या साऱ्या खाचाखोचा पाहून घेतल्या. पुढें ‘जयक्कोडी’ आणि ‘वनमोहिनी’ या तमिळ बोलपटांस त्यांनीं संगीत दिलें. १९४२ सालीं भगवान पालव यांच्या ‘सुखी जीवन’ पासून हिंदींत त्यांची गणना होऊं लागली. आपले भगवानदादा ते हेच.

पुढच्या दहा वर्षांत त्यांनीं जें केलें तें पाहून आजहि आश्चर्य वाटतें. अमेरिकेंतील बेनी गुडमन या क्लॅरिनेट-वादक नायकाचा त्यांच्या मनावर परिणाम झालेला होता. १९४७ सालच्या ‘शहनाई’ मध्यें गिटार, हार्मोनिका आणि शीळ यांचा मेळ घालून त्यांनीं एक थट्टेचें गाणें केलें. तें गल्लोगल्लीं पोंचलें. १९५० सालच्या ‘समाधी’ मध्यें ‘गोरे गोरे’ हें लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांचें गाणें आलें. त्याची मूळ चाल कोठून कोठें फिरत आली हें ऐकण्यासारखें आहे. १९४५ सालच्या एका अमेरिकन बोलपटांत ती कार्मेन मिरांदा या पोर्तुगालांत जन्मून ब्राझिलांत वाढलेल्या बाईनें गाइली. त्रिनिदाद बेटावर जन्मलेला एडमुंडो रॉस नांवाचा गायक लंडनांत रुंब्याचा वाद्यवृंद चालवीत असे. त्यानेंहि ती वाजविली. शेवटीं ती पुणतांबेकर चितळकरांच्या हातीं पडून मुंबईस हिंदी झाली. नारदमुनींनींहि एवढा प्रवास क्वचितच केला असेल.

आणि मग १९५१ चा ‘अलबेला’. ‘शोला जो भडके’ या एका गाण्यांत बोंगो, ओबो, ट्रंपेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन हीं सारीं वाद्यें त्यांनीं एके ठिकाणीं आणलीं, आणि लताबाईंबरोबर स्वतः गाइले. भगवानदादांनीं त्यावर जो डुलत डुलत नाच केला, तो आजहि गणेशविसर्जनाच्या मिरवणुकींत पाहावयास मिळतो. परंतु त्याच बोलपटांत पिलूच्या सुरांतली एक अंगाई आहे. ती इतकी हळुवार आहे कीं, आमच्या घरांतलीं तीन पिढ्यांचीं मुलें तिच्यावर निजलीं. एकाच माणसानें एकाच बोलपटांत, एका हातानें पाळणा हलविला आणि दुसऱ्या हातानें बोंगो वाजविला. दोन वर्षांनीं ‘अनारकली’ आला; त्यांत त्यांचा भीमपलास ऐकून कोणास बोंगोची आठवणसुद्धां होऊं नये. पुढें १९५७ सालच्या ‘आशा’ मध्यें ‘ईना मीना डीका’ हा केवळ धांगडधिंगा; आणि चीनशीं युद्ध झाल्यावर २७ जानेवारी १९६३ रोजीं दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर पंडित नेहरूंसमोर लताबाईंनीं गाइलेलें कवि प्रदीप यांचें ‘ऐ मेरे वतन के लोगों’, त्याचीहि चाल यांचीच. परक्याचा ताल घेतल्यानें स्वदेशाची भावना पातळ होते असें म्हणणाऱ्यांस याहून वेगळें उत्तर देण्याची गरज नाहीं.

येथें आमच्या पुतण्यानें हरकत घेतली. “नाना, परकीय तें परकीयच. पूर्वींच्या लोकांनीं विरोध केला तो कांहीं उगीच नव्हे.” विरोध झाला हें खरें. १९५२ सालीं बाळकृष्ण केसकर हे नभोवाणीचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांचें निस्सीम प्रेम. त्यांच्या कारकीर्दींत नभोवाणीवरून बोलपटांचीं गाणीं जवळजवळ नाहींशीं झालीं. परिणाम असा झाला कीं, लोक तींच गाणीं रेडिओ सिलोनवर ऐकूं लागले, आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं सरकारासच ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. त्याहून जुनी गोष्ट पेटीची. ज्या पेटीवर आमचीं कीर्तनें आणि भजनें चालतात, ती मूळची फ्रान्सची. तिला परकीय आणि बेसूर ठरवून नभोवाणीनें १९४० सालीं बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. आज आक्कांना कोणी म्हणावें कीं तुमच्या भजनाची पेटी परकीय आहे, म्हणजे त्यास उत्तर काय मिळेल तें आम्ही येथें लिहीत नाहीं.

तेव्हां परकीय कीं स्वकीय हा प्रश्न आमच्या मतें मिटला. पण त्याच वेळीं आक्का स्वयंपाकघरांतून एक वाटी घेऊन बाहेर आल्या. शेजारणीकडून आणलेली ती वाटी परत द्यावयाची होती, आणि तींत घालावयास कांहीं गोडधोड त्या शोधीत होत्या. “रिकामी वाटी कशी परत देऊं?” असें म्हणून त्यांनीं तींत चार करंज्या ठेवल्या. वाटीच्या कांठावर शेजाऱ्यांचें नांव घातलेलें होतें. तें पाहतां पाहतां आमच्या मनांत खरा प्रश्न उभा राहिला.

उसनें आणणें यांत पाप नाहीं. संसार उसनवारीवरच चालतो. नियम दोनच: वाटी रिकामी परत देऊं नये, आणि भांड्यावरचें नांव खरवडूं नये. चितळकरांनीं पहिला नियम उत्तम पाळला. त्यांनीं परदेशची वाटी आणली आणि तींत पिलू, भीमपलास आणि मराठी लावणीचा ठसका घालून ती साऱ्या हिंदुस्थानास वाटली. दुसऱ्या नियमाचें काय झालें?

या वाद्यवृंदांत वाजविणारे लोक कोण होते? बहुतेक गोव्याचे. पोर्तुगीज अमदानींत तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपि वाचणें आणि व्हायोलिन वाजविणें शिकवीत असत. तीं मुलें पोटासाठीं मुंबईस आलीं, धोबीतलावाच्या आसपास आपापल्या गांवच्या ‘कुडां’त राहिलीं, रात्रीं हॉटेलांत वाजवूं लागलीं आणि दिवसां बोलपटांत. संगीत देणारा पेटीवर चाल सांगे. तींत कोणत्या वाद्यानें कोठें यावें, कोणी थांबावें, तुतारीनें उत्तर काय द्यावें हें पांच रेघांच्या लिपींत मांडण्याचें काम पुष्कळदां गोव्याचा सहायक करी. चितळकरांचे असे सहायक म्हणजे बार्देशांतील हळदोणें गांवचे आंतोनियो शावियेर वाझ. जन्म १९१६, मृत्यु १९६७. ट्रंपेट असा वाजवीत कीं लोक त्यांस हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. ताजमहाल हॉटेलांत त्यांचा स्वतःचा वाद्यवृंद होता, आणि त्यांनीं घेतलेलें नांव होतें चिक चॉकलेट. ‘अलबेला’ च्या पडद्यावर ते आपल्या मंडळींसह दिसतातसुद्धां. शेंकडों वेळां तीं गाणीं ऐकलेल्या आमच्या घरांत चौदा माणसांपैकीं एकासहि हें नांव ठाऊक नव्हतें. आम्हांसहि नव्हतें.

हा दोष एकट्या चितळकरांचा नव्हे. प्रथाच तशी होती. बोलपटाच्या पाटीवर संगीतकाराचें नांव ठळक, गायकांचीं त्याखालीं, आणि वादकांचीं बहुधा नसतच. पण विरोध पाहा. संगीत देतांना सी. रामचंद्र, गातांना चितळकर, अशीं या एका पुरुषाचीं दोन नांवें झालीं. आणि ज्यानें तुतारी फुंकली, ज्यानें व्हायोलिन ओढलें, त्यास एकहि नाहीं. मनुष्यावर जन्मतःच देव, ऋषि आणि पितर यांचें ऋण असतें असें आमचीं शास्त्रें सांगतात. ऋषिऋण म्हणजे ज्यांच्यापासून विद्या आली त्यांचें ऋण. तें फेडण्याची पहिली पायरी म्हणजे त्यांचें नांव उच्चारणें. तर्पणांत आपण दुसरें काय करतों?

येथवर लिहून थांबलों असतों तर लेख नीटनेटका झाला असता. परंतु दुसऱ्यांच्या भांड्यांवरचीं नांवें वाचणाऱ्यानें आपल्या घरचीं भांडीं तपासूं नयेत काय?

सी. रामचंद्र ५ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईस निवर्तले. त्या वेळीं आम्ही या भागांतल्याच एका शाळेवर नवे शिक्षक होतों. त्या आठवड्यांत रेडिओवर त्यांचीं गाणीं पुनःपुन्हां लागलीं, आणि रात्रीं खोलीवर एकटे बसून आम्हीं तीं ऐकलीं. डोळेहि ओले झाले. त्याच महिन्यांत शाळेचें स्नेहसंमेलन होतें. कार्यक्रम ठरविण्याचें काम आमच्याकडे. एका गोंड शेतकऱ्याचा बारा वर्षांचा मुलगा रॉकेलचा रिकामा डबा घेऊन आला आणि तो उलटा करून वाजवूं लागला. चहाच्या टपरीवर ऐकलेल्या त्या गाण्यांचा ताल त्यानें धरला होता, आणि मधल्या मोकळ्या जागांत आपल्या गांवच्या ढोलाचे बोल भरले होते. मुलें डोलूं लागलीं. आम्हीं तीं दोन मिनिटें ऐकलीं, आम्हांस तें आवडलें, आणि आम्हीं त्याचें नांव यादींतून खोडलें. “हा तमाशा शाळेंत नको,” हे आमचे शब्द. त्याच्या जागीं आम्हीं मेघदूताच्या श्लोकांचें पठण बसविलें. रात्रीं ज्या तालावर आम्ही रडलों होतों, तोच ताल सकाळीं डब्यावर ऐकून आम्हांस शाळेची अब्रू आठवली. तो मुलगा संमेलनास आला नाहीं. पुढच्या जूनमध्यें शाळेंतहि आला नाहीं. त्यास दुसरीं कारणें असतील. आम्हीं तीं कधीं विचारलीं नाहींत.

आतां तो पंचावन्न वर्षांचा आहे. वाघ दाखविणाऱ्या गाड्यांपैकीं एक गाडी चालवितो, आणि आमच्या दुकानांत नेहमीं येतो. एकमेकांस नमस्कार होतो, याहून अधिक बोलणें कधीं झालें नव्हतें. आमच्या मुदतीच्या सातव्या दिवशीं सायंकाळीं तो बिस्किटांचा पुडा घेण्यास आला तेव्हां ओटीवर नातवंडांचें ‘एक, चार, सात’ चाललें होतें. तो उभा राहिला. थोडा वेळ ऐकून त्यानें फळीवरच्या पत्र्याच्या डब्यावर बोटें ठेवलीं, आणि नातीच्या पांच टाळ्यांच्या मध्यें जेवढी जागा होती तेवढी सारी भरून काढली. दुकानांतलीं गिऱ्हाइकें वळून पाहूं लागलीं. नातू तबला सोडून धांवत आला आणि म्हणाला, “काका, हें कुठें शिकलात?”

तो म्हणाला, “शाळंत.”

आमच्याकडे त्यानें पाहिलें नाहीं. गिऱ्हाइकें गेल्यावर आम्ही त्याच्याजवळ गेलों आणि त्या संमेलनाची आठवण काढली. चूक आमची होती हेंहि सांगितलें. चाळीसाहून अधिक वर्षांनीं हें सांगतांना जीभ जड होते. तो हंसून म्हणाला, “इसरलो जी, गुर्जी.” तो विसरला असें तो म्हणतो. आम्हांस तसें म्हणतां येत नाहीं. इतक्यांत आक्का दारांत आल्या आणि त्यास म्हणाल्या, “बाहेर कां उभा? आंत ये, चहा टाकला आहे.” आमच्या घरीं ही रीत पूर्वीं नव्हती, हें आमच्या वयाच्या वाचकांस वेगळें सांगावयास नको.

आठव्या दिवशीं आम्हीं निर्णय दिला तो असा. साल्सा घरांत चालेल. नातीनें तो खुशाल शिकावा. तबला सुटणार नाहीं. ज्याच्या हातांत सोळा मात्रा पक्क्या झाल्या त्यानेंच परक्या तालाच्या घरीं पाहुणा म्हणून जावें, म्हणजे परतीची वाट चुकत नाहीं. सप्रे आणि विनायकबुवा यांच्याकडे शिकून गेलेल्या चितळकरांची वाट चुकली नाहीं. उतारवयांतहि ते मराठीकडे परत आलेच. माडगूळकरांचें ‘गीतगोपाल’ त्यांनीं स्वरबद्ध केलें, आणि १९७० सालच्या ‘घरकुल’ मध्यें आमच्या अमरावतीच्या सुरेश भटांच्या शब्दांस त्यांनीं चाल दिली. नातवाचा त्रिताल चैत्रापर्यंत पक्का झाला तर बोंगो आम्ही स्वतः आणून देऊं.

आणि तिसरी गोष्ट: घरांत एक वही ठेवावी. जें गाणें आवडेल तें कोणी लिहिलें, चाल कोणाची, वाजविलें कोणीं, ताल कोठून आला, हें शोधून तींत लिहावें. वाचकांनींहि आपापल्या घरीं अशी एक वही घालावी अशी आमची विनंती आहे. आमच्या नातीनें पहिल्याच पानावर सेलिया क्रूझ, एडमुंडो रॉस, शंकरराव सप्रे, विनायकबुवा पटवर्धन, सी. रामचंद्र आणि आंतोनियो शावियेर वाझ अशीं नांवें सुवाच्य अक्षरांत लिहिलीं आहेत. त्यांखालीं १९८२ सालच्या एका यादींतून खोडलेलें नांव होतें. तें आम्हीं आमच्या हातानें पुन्हां लिहिलें.

दर रविवारीं दुपारच्या फेरीस गाड्या निघण्यापूर्वीं एक तास तो नातवास ढोलाचे बोल शिकवावयास येतो. गुरुदक्षिणा घेत नाहीं म्हणाला. आक्कांनीं त्याच्या घरून एकदां डाळ आली त्या डब्यांत करंज्या भरून ठेवल्या आहेत.